डोमेनवरील एकच खाते पुन्हा पुन्हा लॉक होते: कारण कोठे आणि कोणत्या क्रमाने शोधावे

लक्षणे

कार्यालयातील सर्व संगणकांची खाती एका सर्व्हरवरून चालतात, त्या व्यवस्थेला डोमेन म्हणतात. अशा ठिकाणी सकाळी कर्मचारी नेहमीचा पासवर्ड टाकतो आणि पडद्यावर खाते लॉक झाल्याचा संदेश येतो. सर्व्हरवरून खाते उघडून दिले की काम सुरू होते. परंतु तास-दोन तासांत, कधी अवघ्या दहा मिनिटांत, तेच खाते पुन्हा लॉक होते. काही ठिकाणी लॉगिन व्यवस्थित होते, मात्र दुपारी सामाईक फोल्डर उघडेनासा होतो किंवा प्रिंट देताना अचानक पासवर्ड विचारला जातो. ही तक्रार बहुधा पासवर्ड बदलल्यानंतरच्या दिवसांत किंवा चतुर्थीच्या सुट्टीनंतर कार्यालय उघडल्यावर सुरू होते. आपण पासवर्ड चुकवलेला नाही, असे कर्मचारी ठामपणे सांगतो आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा त्याचे म्हणणे खरे निघते.

एकाच व्यक्तीचे खाते असे वागत असेल तर खालील तपासण्या क्रमाने कराव्यात. एकाच दिवशी अनेकांची खाती लॉक होऊ लागली असतील तर मधले सर्व सोडून शेवटच्या भागाकडे जावे, कारण तो प्रकार वेगळा आणि तातडीचा आहे.

पडद्यावरचा संदेश आधी शब्दशः वाचावा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. खाते लॉक होणे, पासवर्डची मुदत संपणे, खाते निष्क्रिय केलेले असणे आणि संगणकाचा डोमेनशी असलेला विश्वासाचा दुवा तुटणे या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. कर्मचारी मात्र या चारही वेळा फोनवर "लॉगिन होत नाही" एवढेच सांगतो. पुढील सर्व मजकूर पहिल्या प्रकारापुरता आहे.

लॉक का होते, हे आधी समजून घ्यावे

विंडोज सर्व्हरच्या डोमेनमध्ये प्रत्येक खात्यासाठी चुकलेल्या पासवर्डांची मोजणी ठेवली जाते. ठरावीक काळात ठरलेल्या संख्येइतके चुकीचे प्रयत्न झाले की खाते लॉक होते. ही संख्या मुळात शून्य असते, म्हणजे खाते कधीच लॉक होत नाही. कोणीतरी नंतर ती ३ किंवा ५ अशी ठरवलेली असते. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की सर्व्हर माणूस आणि यंत्र यांत फरक करत नाही. कळफलकावर बोटांनी टाकलेला चुकीचा पासवर्ड आणि एखाद्या उपकरणाने आपल्या साठवणीतून परस्पर पाठवलेला जुना पासवर्ड, हे दोन्ही त्याच मोजणीत जातात. पुन्हा पुन्हा होणाऱ्या लॉकमागे बहुतेक वेळा असे एखादे विसरलेले उपकरण असते आणि आपले काम ते शोधण्याचे असते.

म्हणून दोन गोष्टी करू नयेत, असे मी प्रत्येक कार्यालयात आग्रहाने सांगतो. लॉक झाले की पासवर्डच बदलून देण्याची सवय सोडावी. खाते उघडण्यासाठी पासवर्ड बदलावा लागत नाही. सर्व्हरवर त्या खात्याच्या माहितीत लॉक काढण्याची वेगळी खूण असते. प्रत्येक वेळी नवा पासवर्ड दिला की जी उपकरणे आतापर्यंत बरोबर चालत होती, तीही जुन्या पासवर्डाची होतात आणि दोष वाढत जातो. दुसरे, त्रास नको म्हणून लॉकची मर्यादा पूर्ण काढून टाकू नये. ती मर्यादा ३ असेल तर ती १० करणे मात्र योग्य आहे, कारण काही प्रोग्रॅम एका चुकीनंतर स्वतःच दोन-तीनदा प्रयत्न करतात आणि प्रामाणिक माणूस अडकतो. ऑक्टोबर २०२२ नंतर नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने संगणकावरील स्थानिक खात्यांसाठीही १० प्रयत्न आणि १० मिनिटे हीच मर्यादा मुळात ठेवली आहे.

कळफलक आणि भाषा

या तपासणीला काहीही खर्च नाही आणि ती दोन मिनिटांत होते, म्हणून ती पहिली. गोव्यातील कार्यालयांत एकाच संगणकावर मराठी, कोंकणी आणि इंग्रजी टंकलेखन चालते, त्यामुळे देवनागरी कळफलक बहुतेक ठिकाणी बसवलेला असतो. लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड ठिपक्यांनी झाकलेला असल्याने भाषा बदललेली आहे हे लक्षात येत नाही. पडद्याच्या कोपऱ्यातील भाषेची खूण पाहावी, कॅप्स लॉक पाहावे आणि अंक उजवीकडच्या कळांवरून टाकत असल्यास नम लॉकही पाहावे.

याहून फसवा प्रकार ब्रिटिश इंग्रजी कळफलकाचा आहे. त्यात अ‍ॅटचे चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा अमेरिकन कळफलकाच्या तुलनेत आपसांत बदललेल्या असतात. आपल्याकडे पुष्कळांचा पासवर्ड नाव, मग अ‍ॅट, मग आकडे अशा घडणीचा असल्यामुळे अक्षरे बरोबर पडतात आणि मधले चिन्ह तेवढे चुकते. खात्री करण्यासाठी, जवळ कोणी नसताना, पासवर्ड वापरकर्त्याच्या नावाच्या चौकटीत टाकून पाहावा आणि लगेच पुसावा. त्या वेळी एंटर चुकूनही दाबू नये, कारण तसे केल्यास तो पासवर्ड वापरकर्त्याचे नाव म्हणून नोंदींत उघडा लिहिला जाऊ शकतो.

घड्याळ

घड्याळ चुकल्यामुळे खाते लॉक होते असे नाही. परंतु लॉगिन नाकारले जाते, कर्मचारी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि तक्रार मात्र लॉकचीच येते. डोमेनमध्ये ओळख पटवणारी केर्बेरोस पद्धत संगणक आणि सर्व्हर यांच्या घड्याळांत मुळात फक्त ५ मिनिटांचा फरक चालवून घेते. ज्या कार्यालयांत संध्याकाळी जाताना मुख्य बटणच बंद करतात आणि पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेथे मदरबोर्डावरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी लवकर संपते आणि सकाळी संगणक कित्येक वर्षे मागे गेलेला आढळतो. बॅटरी स्वस्त असते आणि बदलणे सोपे असते.

घड्याळ बरोबर दिसते म्हणून पुढे जाऊ नये. टाइम झोनही पाहावा. नव्याने विंडोज टाकलेल्या संगणकावर कधी कधी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा टाइम झोन राहून जातो. मग कोणीतरी भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे काटे हाताने जुळवतो. डोळ्यांना वेळ बरोबर दिसते, पण संगणकाच्या हिशेबी ती ऋतूप्रमाणे साडेबारा किंवा साडेतेरा तासांनी चुकलेली असते. टाइम झोन भारतीय, म्हणजे साडेपाच तास पुढचा ठेवावा आणि सर्व संगणकांनी वेळ डोमेनच्या सर्व्हरकडूनच घ्यावी.

खाते खरोखर एकाच व्यक्तीचे आहे का

हा प्रश्न कर्मचाऱ्यांना विचारताना संकोच वाटतो, पण तो येथेच विचारावा. किनारपट्टीवरच्या हॉटेलांत स्वागतकक्षाच्या तीन पाळ्या एकाच खात्यावर चालताना मी पाहिल्या आहेत. सकाळच्या पाळीतील माणूस पासवर्ड बदलतो, दुपारच्या पाळीला तो कळत नाही आणि संध्याकाळपर्यंत खाते लॉक होते. यावर तांत्रिक उपाय नाही. प्रत्येकाला स्वतःचे खाते द्यावे आणि सामाईक फोल्डरचे हक्क गटाला द्यावेत. कोणी नोकरी सोडली तर त्याचे खाते त्याच दिवशी निष्क्रिय करावे, मात्र लगेच पुसून टाकू नये, कारण त्या खात्यावर आणखी काय चालत होते हे नंतरच कळते.

संगणकात साठवलेले जुने पासवर्ड

येथून पुढे खऱ्या कारणाची शक्यता वाढते. कंट्रोल पॅनलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर नावाचा भाग आहे. त्यात विंडोजने लक्षात ठेवलेले पासवर्ड दिसतात. सर्व्हरचे किंवा सामाईक फोल्डरचे नाव असलेली जुनी नोंद तेथून काढून टाकावी. नेटवर्क ड्राइव्ह कायमची जोडताना "पासवर्ड लक्षात ठेवा" असे निवडलेले असेल तर ती ड्राइव्ह तोडून नव्याने जोडावी. यात काही बिघडण्याची भीती नाही. फार तर एकदा पासवर्ड विचारला जाईल.

ही तपासणी कर्मचाऱ्याच्या रोजच्या संगणकावर तर करावीच, पण त्याने पूर्वी जेथे काम केले त्या टेबलावरच्या संगणकावरही करावी. तेथे त्याचे सत्र कधी कधी महिनोन् महिने उघडे राहिलेले असते: "वापरकर्ता बदला" असे म्हणून दुसऱ्याने लॉगिन केलेले असते आणि पहिला मागे तसाच चालू असतो. सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून, जाणारे लोक काम झाल्यावर खिडकी बंद करतात आणि समजतात की आपण बाहेर पडलो. प्रत्यक्षात सत्र तुटलेल्या अवस्थेत जिवंत असते. टास्क मॅनेजरच्या वापरकर्ते या पानावर अशी सत्रे दिसतात. त्यांना साइन आउट करावे. त्यापूर्वी त्यात न साठवलेले काम नाही ना, हे ज्याचे सत्र आहे त्याला विचारावे.

खिशातला फोन आणि घरातला जुना फोन

कार्यालयाची मेल किंवा वाय-फाय डोमेनच्या खात्यावर चालत असेल तर फोन हा पहिला संशयित धरावा. पासवर्ड बदलल्यावर माणूस संगणकावर नवा टाकतो. फोन मात्र जुनाच पासवर्ड दर काही मिनिटांनी पाठवत राहतो. याची ओळख सोपी आहे: तो कर्मचारी रजेवर असताना किंवा कार्यालयाच्या आवारात नसताना लॉक थांबते का, हे पाहावे. आवारात आल्यावरच लॉक होत असेल तर वाय-फायवर संशय घ्यावा. घरी असतानाही होत असेल तर मेल तपासावी आणि मुलांना खेळायला दिलेला जुना फोनही आठवणीने मागवावा. फोन दोन तास विमान अवस्थेत ठेवून पाहणे हा यावरचा बिनखर्चाचा प्रयोग आहे.

दोष पासवर्ड बदलल्याबरोबर दिसत नाही, काही महिन्यांनी दिसतो, याचे एक कारण येथे सांगणे आवश्यक आहे. डोमेनमध्ये जुन्या पासवर्डांची यादी ठेवण्याची सोय चालू असेल तर त्यातील अगदी अलीकडच्या दोन पासवर्डांशी जुळणारा प्रयत्न नाकारला जातो, पण चुकांच्या मोजणीत धरला जात नाही. त्यामुळे विसरलेले उपकरण एखादा बदल निमूटपणे निभावून नेते आणि पुढच्या बदलांनंतर त्रास देऊ लागते. कर्मचारी म्हणतो की मागच्या वेळी तर काहीच झाले नव्हते, आणि तेही खरे असते.

सर्व्हरच्या नोंदी

इतके करूनही लॉक होत असेल तर अंदाज थांबवून सर्व्हरला विचारावे. यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. ते नसतील तर हा भाग ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून करून घ्यावा. इव्हेंट व्ह्यूअर या नोंदी दाखवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅममधील सुरक्षा नोंदींत ४७४० क्रमांकाची नोंद शोधावी. खाते लॉक झाल्याची ही नोंद असून तिच्यात लॉक कोणत्या संगणकावरून झाले त्याचे नाव दिलेले असते. एकापेक्षा अधिक डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेनची खाती सांभाळणारे सर्व्हर, असतील तर त्यांतील पीडीसी एम्युलेटर ही मुख्य भूमिका ज्याच्याकडे आहे त्यावर पाहावे, कारण लॉकची माहिती तेथे पोहोचते. नोंदवहीचा आकार ठरलेला असतो आणि भरली की जुनी नोंद पुसली जाते. म्हणून लॉक झाल्यावर आठवड्याने नव्हे, त्याच दिवशी पाहावे आणि आकारही वाढवून ठेवावा.

नाव मिळाले की त्या संगणकावर ४६२५ क्रमांकाची, म्हणजे फसलेल्या लॉगिनची नोंद शोधावी. तिच्यातील लॉगिनचा प्रकार फार बोलका असतो. प्रकार २ म्हणजे कोणीतरी समोर बसून टंकत आहे. ३ म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर किंवा प्रिंटर मागितला जात आहे. ४ म्हणजे वेळापत्रकाने चालणारे काम. ५ म्हणजे पार्श्वभूमीला चालणारी सर्व्हिस. ७ म्हणजे लॉक केलेला पडदा उघडण्याचा प्रयत्न. आणि १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप. या एका आकड्याने निम्मे काम होते. नाव वाय-फायची ओळख पटवणाऱ्या किंवा मेलच्या सर्व्हरचे निघाले तर खरे उपकरण त्याच्या पलीकडे आहे असे समजावे आणि त्या सर्व्हरच्या नोंदींत फोनचा माग काढावा.

म्हापशातील एका व्यापारी कार्यालयात लेखापालाचे खाते रोज रात्री ११ वाजता, कार्यालय बंद असताना लॉक होत असे. नोंदींत प्रकार ४ निघाला. हिशेबाच्या फाइलींची रात्रीची प्रत घेणारे काम काही वर्षांपूर्वी घाईत त्यांच्याच खात्यावर लावलेले होते. पासवर्ड बदलल्यापासून ते काम रोज फसत होते, म्हणजे लॉकच्या त्रासाबरोबर कित्येक आठवडे हिशेबाची प्रतच घेतली जात नव्हती. दोषाकडे दुर्लक्ष करून नुसते खाते उघडत राहण्याचे खरे नुकसान हे आहे, आणि त्या मालकांचा चेहरा मला अजून आठवतो.

दुसरे नेहमीचे ठिकाण झेरॉक्स आणि स्कॅन करणारे एकत्रित यंत्र. स्कॅन केलेला कागद थेट सामाईक फोल्डरमध्ये जावा म्हणून यंत्र बसवणाऱ्याने समोर असलेल्या कर्मचाऱ्याचाच पासवर्ड त्यात भरलेला असतो. फोंड्यातील एका कार्यालयात कोणीही स्कॅन केले की एका बाईंचे खाते लॉक होत असे, आणि त्या स्वतः मात्र ते यंत्र कधीच वापरत नसत. यंत्राच्या सेटिंगमध्ये नवा पासवर्ड भरून आजचा त्रास थांबतो. परंतु योग्य उपाय म्हणजे स्कॅनसाठी स्वतंत्र खाते करावे, त्याला फक्त त्या एका फोल्डरवर लिहिण्याचा हक्क द्यावा आणि त्याचा पासवर्ड लांबलचक ठेवावा. सर्व्हिस आणि वेळापत्रकाच्या कामांसाठी विंडोज सर्व्हर २०१२ पासून व्यवस्थापित सर्व्हिस खात्यांचा गटवार प्रकार उपलब्ध आहे. त्यांचा पासवर्ड डोमेन स्वतःच मुळात दर ३० दिवसांनी बदलते आणि तो कोणालाही लक्षात ठेवावा लागत नाही. माणसाचे खाते यंत्राला देऊ नये.

दर महिन्या-दोन महिन्यांनी सर्वांना पासवर्ड बदलायला लावण्याचा नियम असेल तर त्याचाही फेरविचार करावा. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपल्या शिफारशींतून पासवर्डची सक्तीची मुदत काढून टाकली. लांब पासवर्ड, शक्य तेथे दुसऱ्या टप्प्याची पडताळणी आणि संशय येताच बदल, एवढे पाळले तर वारंवार बदलण्याची गरज राहत नाही.

येथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

नोंदींतील संगणकाचे नाव कार्यालयातील कोणाचेच नसेल किंवा ते रिकामे असेल, अनेक खाती एकाच वेळी लॉक होत असतील, प्रशासकाचे खाते लॉक होत असेल, किंवा कार्यालयात अस्तित्वातच नसलेल्या नावांनी प्रयत्न झालेले दिसत असतील, तर विसरलेले उपकरण शोधणे थांबवावे. कोणीतरी पासवर्ड ओळखण्याचा प्रयत्न करत असण्याची दाट शक्यता आहे. २००८ च्या अखेरीस पसरलेल्या कॉन्फिकर या वर्मची, म्हणजे स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमची, ओळख कित्येक कार्यालयांना याच लक्षणावरून झाली होती: तो नेटवर्कवर फिरून पासवर्ड आजमावत असे आणि खाती धडाधड लॉक होत. आज मला अधिक वेळा आढळते ते असे की घरून काम करता यावे म्हणून कोणीतरी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याचा मार्ग, थेट इंटरनेटला उघडा ठेवलेला असतो. तो पोर्ट मात्र वाट न पाहता बंद करावा. बाहेरून काम करणाऱ्यांना व्हीपीएन, म्हणजे कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षित खाजगी जोडणी, द्यावे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आहे, त्यामुळे तसे संगणक नेटवर्कवर असतील तर त्यांची यादीही काढून ठेवावी.

संशयित संगणकाची नेटवर्कची केबल काढावी, वाय-फाय बंद करावे, पण तो संगणक बंद करू नये आणि फॉरमॅट तर मुळीच करू नये. पुरावा त्यातच असतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात, नोंदी १८० दिवस जपायच्या असतात आणि घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवायची असतात. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा.

हल्ल्याचा संशय नसतानाही दोन प्रसंगी स्वतः पुढे जाऊ नये. दोन डोमेन कंट्रोलर एकमेकांशी जुळत नसतील, म्हणजे एकावर खाते उघडे आणि दुसऱ्यावर लॉक असे दिसत असेल, तर तो प्रतिकृतीचा, म्हणजे एकाकडची माहिती दुसऱ्याकडे पोहोचण्याचा, दोष आहे. एकच सर्व्हर असेल आणि त्याचीच जुनी प्रत परत चढवण्याचा विचार मनात येत असेल, तर तो विचार तेथेच थांबवावा. एका खात्याच्या लॉकसाठी अख्खे डोमेन धोक्यात घालण्याचे कारण नाही.

जाणकार येईल तेव्हा त्याच्या हाती एक कागद द्यावा. त्यावर खाते लॉक झाल्याच्या वेळा मिनिटासह, ४७४० नोंदीतील संगणकाचे नाव, ४६२५ मधील लॉगिनचा प्रकार, पासवर्ड शेवटचा केव्हा बदलला ती तारीख, आणि त्या आठवड्यात कार्यालयात आलेले नवे यंत्र, नवा फोन किंवा नवा माणूस, एवढे लिहिलेले असावे. असा कागद तयार असला तर जे शोधायला मला एरवी संपूर्ण दिवस लागतो, ते दुपारच्या जेवणापूर्वी सापडते.